महागडे फ्यूज आणि कानाची साक्ष

फ्यूज हा विद्युत् मंडलात मुद्दाम ठेवलेला दुबळा दुवा होय. प्रवाह ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेला की त्यातील बारीक तार तापून वितळते, मंडल तुटते, आणि पुढचे यंत्र व ते ज्या घरात आहे ते घर अशी दोन्ही वाचतात. टॉमस एडिसनने आपल्या वीजवितरण व्यवस्थेचा भाग म्हणून फ्यूजचे अमेरिकी पेटंट १८९० मध्ये मिळवले. पुढे १९२७ मध्ये एडवर्ड संट यांनी शिकागोत स्थापन केलेल्या लिटलफ्यूज कंपनीने नाजूक मापनयंत्रांना वाचवणारे छोटे, झटकन वितळणारे फ्यूज बाजारात आणले. काचेच्या किंवा चिनी मातीच्या नळीतला असा साधा फ्यूज अमेरिकेत आज एक-दोन डॉलरांत मिळतो. त्याच मापाचा व त्याच प्रवाहमर्यादेचा, परंतु ‘ऑडिओफाइल’ या विशेषणाने विकला जाणारा फ्यूज घ्यायचा तर मात्र सुरुवातच पन्नास डॉलरांच्या आसपास होते. दोनशे डॉलरांचा फ्यूज या वर्गात विशेष महाग गणला जात नाही, आणि काहींची किंमत हजाराचा आकडाही ओलांडते. ऑडिओफाइल म्हणजे घरच्या घरी संगीत शक्य तितक्या अस्सल रूपात ऐकू यावे म्हणून यंत्रसामग्रीवर वेळ आणि पैसा खर्च करणारा रसिक. या फ्यूजमुळे आवाज खुलतो, वाद्ये एकमेकांपासून सुटी ऐकू येतात, मागची शांतता अधिक गडद होते, अशी या रसिकांपैकी अनेकांची प्रामाणिक भावना आहे.

कॅलिफोर्नियातील सिनर्जिस्टिक रिसर्च, जर्मनीतील हायफाय-ट्यूनिंग आणि जपानमधील फुरुटेक ही अमेरिकी बाजारातील काही परिचित नावे. आतली तार चांदीची किंवा अतिशुद्ध तांब्याची असणे, दोन्ही टोकांच्या टोपणांवर सोन्याचा वा ऱ्होडियमचा मुलामा असणे, तारेची कंपने शोषण्यासाठी नळीत मेणासारखा पदार्थ भरणे, ग्राफीनचा लेप देणे, फ्यूजवर अतिउच्च विद्युत् दाबाचा संस्कार करून धातूत ‘क्वांटम’ पातळीवर बदल घडवणे, अशा अनेक प्रकारच्या प्रक्रियांची वर्णने निर्माते करतात. अनेक फ्यूजांवर बाणही छापलेला असतो आणि फ्यूज त्या दिशेनेच बसवावा, उलटा बसवल्यास आवाज बिघडतो, असे सांगितले जाते. या वर्णनांतील चांदी, सोने आणि तांबे खरे असते. प्रश्न एवढाच, की त्यांचा परिणाम स्पीकरपर्यंत पोहोचतो काय. त्याचे उत्तर फ्यूज मंडलात नेमका कोठे बसतो यावर अवलंबून असते, आणि हीच गोष्ट जाहिरातींत बहुधा अस्पष्ट ठेवलेली आढळते.

स्टिरिओ संचातील बहुतेक फ्यूज ॲम्प्लिफायरच्या मागे, भिंतीतून येणारी वीज जेथे आत शिरते तेथे असतात. अमेरिकेत ही वीज १२० व्होल्टची असून तिची दिशा सेकंदाला ६० वेळा पूर्ण फेरा घेते. अशा उलटसुलट वाहणाऱ्या प्रवाहाला प्रत्यावर्ती प्रवाह म्हणतात. फ्यूजमधून गेल्यावर हा प्रवाह रोहित्रात, म्हणजे विद्युत् दाब कमी-जास्त करणाऱ्या ट्रान्सफॉर्मरमध्ये जातो, तेथून डायोडांच्या साहाय्याने एकाच दिशेचा केला जातो आणि मोठ्या धारित्रांत, म्हणजे विद्युत् भार साठवून ठेवणाऱ्या कपॅसिटरांत भरला जातो. डायोड प्रत्येक अर्ध्या फेऱ्याच्या शिखराजवळच, सेकंदाला १२० वेळा आणि दर वेळी केवळ दोन-तीन मिलिसेकंद, वाहतात. उरलेल्या सर्व वेळात स्पीकरला लागणारी ऊर्जा धारित्रे पुरवतात. नगरपालिकेचे पाणी गच्चीवरच्या टाकीत ठरावीक वेळी चढते आणि घरातले नळ त्या टाकीवर चालतात, तशीच ही रचना आहे. संगीताचा सूक्ष्म संकेत त्या फ्यूजमधून कधीच जात नाही. जातात ते टाकी भरणारे विजेचे लोंढे.

यावर समर्थकांचा नेहमीचा युक्तिवाद असा, की संपूर्ण वीजमार्गात फ्यूजची तार सर्वांत बारीक असल्यामुळे तीच खरी अडचणीची जागा आहे. तारेच्या बारीकपणाला मात्र स्वतंत्र महत्त्व नसते. प्रवाहाला होणारा अडथळा, ज्याला रोध म्हणतात आणि जो ओहममध्ये मोजतात, तो तारेच्या जाडीइतकाच तिच्या लांबीवर अवलंबून असतो, आणि एकामागोमाग जोडलेल्या भागांचे रोध सरळ बेरजेने वाढतात. सुमारे ३ अँपिअरच्या साध्या फ्यूजचा थंड अवस्थेतील रोध ओहमच्या दोन-चार शतांशांइतका असतो. अमेरिकी घरांत १५ अँपिअरच्या मंडलासाठी वापरली जाणारी १४ गेजची तांब्याची तार किलोमीटरमागे सुमारे ८.३ ओहम रोध दाखवते. वितरण-पेटीपासून बैठकीच्या खोलीतील सॉकेट १५ मीटर दूर असेल तर जाण्यायेण्याच्या ३० मीटर तारेचा रोध पाव ओहम होतो. फ्यूजच्या आठ-दहापट रोध असा भिंतीतच दडलेला असतो, आणि त्यामागे पेटीतील सर्किट ब्रेकरची संपर्कस्थाने, रस्त्यावरच्या खांबावरचे रोहित्र व मैलोगणती वाहिन्या असतात. शेवटच्या दोन सेंटिमीटरांत चांदी घातल्याने या एकूण हिशेबात काय फरक पडतो, हे आकड्यांतच पाहणे बरे. शांतपणे वाजणारा ॲम्प्लिफायर ६० वॅट खेचत असेल तर त्याचा प्रवाह अर्धा अँपिअर होतो, ०.०३ ओहमच्या फ्यूजवर त्यामुळे १५ मिलिव्होल्टची, म्हणजे १२० व्होल्टच्या आठ हजाराव्या भागाची, घट होते. डायोड वाहतात त्या क्षणी प्रवाह सरासरीच्या अनेकपट असतो, हे मान्य करून शिखरप्रवाह १५ अँपिअर धरला, तरी फ्यूजवरची क्षणिक घट अर्ध्या व्होल्टपेक्षा कमीच राहते, आणि त्याच क्षणी भिंतीतील तारेवर पावणेचार व्होल्ट गळतात. अमेरिकी मानकानुसार घरातील विद्युत् दाब एरवीही ११४ ते १२६ व्होल्टांच्या दरम्यान कोठेही असू शकतो. शेजारच्या घरातील वातानुकूलन यंत्र सुरू झाले की होणारा बदल फ्यूज बदलण्याने होणाऱ्या बदलापेक्षा कितीतरी मोठा असतो.

विद्युत् दाबातील हा बारीकसा फरक पुढे आवाजात उतरतो, असेही नाही. ॲम्प्लिफायर संकेताला किती पटींनी वाढवतो हे त्याच्या पुरवठ्याच्या दाबावर नव्हे, तर ऋण फीडबॅकवर ठरते; म्हणजे बाहेर पडणाऱ्या संकेताचा काही अंश उलटा करून परत आत आणला जातो, मूळ संकेताशी त्याची तुलना होते आणि तफावत आपोआप दुरुस्त होते. बेल प्रयोगशाळेतील हॅरॉल्ड ब्लॅक यांना ही कल्पना २ ऑगस्ट १९२७ रोजी हडसन नदीवरील फेरीबोटीत कामावर जाताना सुचली आणि त्यांनी ती हातातील न्यूयॉर्क टाइम्सच्या पानावर तेथेच मांडली. दूरध्वनीच्या लांब वाहिन्यांसाठी जन्मलेल्या या युक्तीमुळे पुरवठ्यातील चढउतार स्पीकरपर्यंत पोहोचेतो हजारपट वा त्याहूनही अधिक दबले जातात. पुरवठ्याचा दाब थोडा घटल्यास ॲम्प्लिफायरची कमाल क्षमता नगण्य प्रमाणात कमी होते, इतकेच.

फ्यूज विजेतील ‘गोंगाट’ गाळतो, हा दावा याहूनही दुबळा आहे. गाळणी व्हायची तर तिने उच्च वारंवारितेच्या प्रवाहाला बराच अडथळा केला पाहिजे. दोन सेंटिमीटर सरळ तारेचा असा अडथळा, ती चांदीची असो वा तांब्याची, सेकंदाला दहा लाख फेऱ्यांच्या वारंवारितेलाही ओहमच्या दशांशाच्या आसपासच राहतो. बाणाविषयी तर फार लिहिण्याचे कारण नाही. सेकंदाला ६० वेळा दोन्ही दिशांनी वाहणाऱ्या प्रवाहाला अनुकूल दिशा कोणती, याचे उत्तर बाण छापणाऱ्यानेच द्यावयाचे आहे.

तथापि ‘फ्यूजचा आवाजाशी काहीच संबंध नाही’ असे सरसकट विधान करणेही चुकीचे ठरेल, आणि संशयवादी मंडळी उत्साहाच्या भरात नेमकी हीच चूक करतात. फ्यूज ॲम्प्लिफायर आणि स्पीकर यांच्यामध्ये असेल तर संगीताचा संपूर्ण प्रवाह त्यातून जातो, आणि तेथे घडणारी गोष्ट मोजता येते. अमेरिकेत १९७० च्या दशकात स्पीकर जळू नयेत म्हणून असे फ्यूज सर्रास वापरले जात. मिनेसोटातील मॅग्नेपॅन कंपनीच्या पडद्यासारख्या सपाट स्पीकरांच्या मागे ते परिचयाचे आहेत. १ अँपिअरच्या फ्यूजचा रोध ओहमच्या दशांशाजवळ असतो आणि आपल्या मर्यादेजवळ तापल्यावर तो दुपटीच्या घरात जाऊ शकतो. ८ ओहमच्या स्पीकरपुढे ०.१ ओहम आला तर आवाजाची पातळी सुमारे ०.१ डेसिबलने उतरते, ०.२ ओहम झाल्यावर ०.२ डेसिबलने. याहून रंजक गोष्ट खालच्या स्वरांना घडते. २० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला २० कंपनांच्या, खर्जातल्या स्वराचा एक अर्धा फेरा २५ मिलिसेकंदांचा असतो. एवढ्या अवधीत बारीक तार तापते आणि निवतेही, म्हणून तिचा रोध संगीताच्या तालावर वरखाली होतो. प्रवाह धन दिशेचा असो वा ऋण, तार तापतेच. त्यामुळे रोध मूळ स्वराच्या दुप्पट वारंवारितेने बदलतो आणि त्या बदलाचा मूळ प्रवाहाशी गुणाकार होऊन तिप्पट वारंवारितेचा, मूळ संगीतात नसलेला स्वर तयार होतो. अशा भेसळीला विरूपण म्हणतात. ॲम्प्लिफायर-रचनेवरील बॉब कॉर्डेल आणि डग्लस सेल्फ यांच्या ग्रंथांत या परिणामाची चर्चा आहे.

यावरचा उपायही अभियंत्यांना ठाऊक होता, आणि त्यात चांदी नव्हती. फ्यूज फीडबॅकच्या कक्षेत घेणे, तो स्पीकरच्या वाटेतून काढून ॲम्प्लिफायरच्या अंतर्गत पुरवठ्यावर बसवणे, किंवा त्याऐवजी बिघाड ओळखून स्पीकर तोडणारा रिले वापरणे, हे ते उपाय. स्पीकरच्या वाटेवरही महागड्या फ्यूजपेक्षा अधिक अँपिअरचा स्वस्त फ्यूज रोध कमी ठेवतो, अर्थात संरक्षण तेवढे सैल करून. कमी रोध आणि कडक संरक्षण या दोन अपेक्षा परस्परविरोधी आहेत, कारण फ्यूज वितळतो तोच मुळी आपल्या रोधातून निर्माण होणाऱ्या उष्णतेने.

वीजप्रवेशाच्या जागचा फ्यूज बदलल्यावरही ज्यांना फरक ऐकू येतो, ते खोटे बोलत नाहीत. एक कारण अगदी भौतिक असू शकते: वर्षानुवर्षे जागचा न हललेला फ्यूज आपल्या पकडीत काळवंडलेला असतो, तो काढून नवा बसवताना संपर्कस्थाने घासली जाऊन स्वच्छ होतात, आणि जुनाच फ्यूज काढून पुन्हा बसवला असता तरी हे झाले असते. दुसरे कारण खोली हे आहे. भिंतींवरून परतणाऱ्या ध्वनिलहरी थेट येणाऱ्या लहरींत मिसळतात आणि काही स्वर ठळक, काही फिके करतात. ३,४३० हर्ट्झच्या स्वराची तरंगलांबी जेमतेम १० सेंटिमीटर असल्याने फ्यूज बदलून परत खुर्चीत बसताना डोके चार बोटे सरकले तरी कानाशी पोहोचणारा ध्वनी खरोखरच निराळा असतो. कनेटिकटमधील ध्वनितज्ज्ञ ईथन विनर यांनी ही बाब वारंवार मांडली असून २००९ मध्ये न्यूयॉर्कला भरलेल्या ऑडिओ एंजिनिअरिंग सोसायटीच्या अधिवेशनात अशा समजुतींवर एक चर्चासत्रही घडवून आणले. त्यात भर म्हणजे ध्वनीच्या बारकाव्यांची स्मृती काही सेकंदांच्या पुढे फारशी टिकत नाही, आणि फ्यूज बदलायला यंत्र बंद करून पुन्हा सुरू करावे लागते.

तिसरे कारण अपेक्षेचे, आणि त्याची ताकद अमेरिकेतीलच दोन अभ्यासांनी उघड केली आहे. हार्मन या ध्वनियंत्रांच्या कंपनीतील फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी १९९४ मध्ये ४० श्रोत्यांना चार स्पीकर आधी दिसत असताना आणि मग पडद्याआड ठेवून ऐकवले. स्पीकर दिसत असताना त्यांचे आकारमान, किंमत आणि नाव यांचे वजन गुणांवर पडले, पडद्याआड ते ओसरले. हिल्के प्लासमन, अँटोनिओ रँगेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅलिफोर्नियात करून २००८ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग वाइनचा होता. एकच वाइन एकदा १० आणि एकदा ९० डॉलरांची म्हणून पाजली असता ‘महाग’ वाइन लोकांना अधिक आवडली. शिवाय त्या वेळी त्यांच्या मेंदूतील सुखानुभवाशी निगडित भागाची हालचालही वाढलेली दिसली. वाढलेला आनंद खरा होता, फक्त त्याचा उगम बाटलीत नव्हता. दोनशे डॉलरांच्या फ्यूजच्या श्रोत्याला हाच न्याय लावण्यात त्याचा अपमान नाही.

म्हणूनच अशा प्रश्नांचा निवाडा अंध चाचणीने करतात. श्रोत्याला समोर काय वाजते आहे ते कळू दिले जात नाही, आणि चाचणी घेणाऱ्यालाही ते ठाऊक नसेल तर तिला दुहेरी अंध चाचणी म्हणतात. ‘ए’ आणि ‘बी’ ऐकवून मग ‘एक्स’ या दोहोंपैकी कोणता ते ओळखायला लावण्याच्या पद्धतीची मुळे बेल प्रयोगशाळेतील मन्सन आणि गार्डनर यांच्या १९५० च्या लेखात आहेत. डेट्रॉइट परिसरातील हौशी अभियंत्यांपैकी डेव्हिड क्लार्क यांनी १९८२ मध्ये तिचे घरगुती संचांसाठीचे उपकरण विद्वत्पत्रिकेत मांडले. येथे आकड्यांचा विवेक लागतो. दहांपैकी सात उत्तरे बरोबर आली तर ऐकणारा हरखून जातो, पण नाणे उडवून उत्तरे दिली तरी सात किंवा अधिक बरोबर येण्याची शक्यता १७ टक्के असते. सोळांपैकी बारा बरोबर आली तर मात्र ती ४ टक्क्यांखाली जाते आणि निष्कर्षाला वजन येते.

या पद्धतीला फरकच सापडत नाहीत, हा तिच्यावरचा आक्षेप टिकणारा नाही. लॉरेन्स ग्रीनहिल यांनी १९८३ मध्ये ‘स्टिरिओ रिव्ह्यू’ मासिकासाठी घेतलेल्या स्पीकर-तारांच्या चाचणीत बारीक २४ गेजची तार ओळखू आली, कारण तिच्या रोधाने आवाज खरोखरच उतरत होता. जाड साधी तार आणि नामांकित महागडी तार यांत संगीत ऐकताना मात्र तसा विश्वसनीय भेद करता आला नाही. २००७ मध्ये ब्रॅड मायर आणि डेव्हिड मोरान यांनी बोस्टन परिसरातील आपल्या चाचण्या प्रसिद्ध केल्या. उच्च दर्जाच्या ध्वनिमुद्रणाच्या वाटेत सीडीच्या दर्जाचा टप्पा घातला असता तो ५५४ प्रयत्नांपैकी २७६ वेळा, म्हणजे निम्म्याहून किंचित कमी वेळा, ओळखला गेला. त्याच वर्षी जादूगार जेम्स रँडी यांनी ७,२५० डॉलरांच्या स्पीकर-केबलचा फरक पडद्याआड ओळखणाऱ्याला आपले दहा लाख डॉलरांचे बक्षीस देऊ केले. वाटाघाटी रंगल्या, केबलच्या निर्मात्याने अंग काढून घेतले आणि चाचणी झालीच नाही. १९६२ मध्ये ‘स्टिरिओफाइल’ मासिक सुरू करणारे, म्हणजे कानाच्या साक्षीवरच समीक्षा उभारणारे जे. गॉर्डन होल्ट यांनीही उतारवयात, २००७ मध्ये, उच्च दर्जाच्या ध्वनीच्या या व्यवसायाने अंध चाचणी नाकारून आपली विश्वासार्हता गमावली असे परखडपणे म्हटले. फ्यूजची चाचणी घेणे अवघडही नाही: दोन एकसारखे ॲम्प्लिफायर, एकात साधा आणि दुसऱ्यात महागडा फ्यूज, दोघांची पातळी ०.१ डेसिबलच्या आत जुळवलेली, आणि मध्ये एक स्विच. जो दोनशे डॉलर मागतो त्याने हा प्रयोग करून दाखवावा, अशी अपेक्षा अवाजवी नाही. ॲम्प्लिफायरच्या वॅटचे दावे कसे मोजावेत याचा नियम अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने १९७४ मध्येच केला. ‘गडद शांतता’ मात्र कोणत्याही मापात बसत नाही.

या साऱ्या वादात फ्यूजचे मूळ काम बाजूला पडते, आणि खरी काळजीची बाब तीच आहे. फ्यूज कधी वितळावा हे त्याच्या तारेइतकेच तिच्याभोवतीच्या माध्यमावर ठरते. चांगल्या चिनी मातीच्या फ्यूजमध्ये क्वार्ट्झची वाळू भरतात ती तुटताना पेटणारी विद्युत् ठिणगी विझवण्यासाठी. अशा छोट्या मापाचा काचेचा साधा फ्यूज आंतरराष्ट्रीय मानकानुसार ३५ अँपिअर किंवा आपल्या मर्यादेच्या दहापट, यांतील मोठ्या आकड्याइतकाच प्रवाह सुरक्षितपणे तोडण्यास बांधील असतो, तर वाळू भरलेला १,५०० अँपिअर तोडू शकतो. नळीत वाळूऐवजी दुसरे काही भरले, तर वितळण्याची वेळ आणि ठिणगी विझण्याची खात्री नव्याने तपासावी लागते, आणि त्या तपासणीची खूण, अमेरिकेत यूएल या तपासणी संस्थेची मोहोर, फ्यूजवर आहे की नाही हे पाहणे सोन्याचा मुलामा पाहण्याहून महत्त्वाचे आहे. मोहोर असली तरी आकडा डोळे झाकून वाचता येत नाही. यूएलच्या मानकाप्रमाणे फ्यूज छापील मर्यादेच्या १३५ टक्के प्रवाहाला तासाभरात तुटला पाहिजे. आंतरराष्ट्रीय मानकाचा फ्यूज १५० टक्के प्रवाह किमान तासभर सोसतो. म्हणजे अमेरिकी ॲम्प्लिफायरमधला ३ अँपिअरचा यूएल फ्यूज काढून तेथे युरोपीय बनावटीचा, तोच आकडा छापलेला महागडा फ्यूज बसवला, तर संरक्षण नकळत सैल होते. अमेरिकेतून भारतात आणलेल्या संचाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट पाहावी लागते. विद्युत् दाब बदलण्याची सोय असलेला ॲम्प्लिफायर २३० व्होल्टवर जवळपास निम्माच प्रवाह घेतो, म्हणून १२० व्होल्टसाठी ६ अँपिअरचा फ्यूज असेल तर येथे साधारण ३ अँपिअरचा लागतो. नेमका आकडा आणि मंद वा जलद वितळण्याची खूण यंत्राच्या पाठीवर, फ्यूजच्या झाकणाशेजारी छापलेली असते.